साखराबाई बोहारणीची घासाघीस

साखराबाई गोड बोलते, असा आरोप तिच्यावर कुणी कधी केला नाही. लातूर-उदगीर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत तिची आरोळी ऐकू आली की बायका म्हणायच्या, "आली बाई भांडकुदळ." म्हणायच्या आणि हातातलं काम टाकून दारात यायच्या. तिच्याशी भांडल्याशिवाय त्यांच्या घरात स्टीलची वाटी येत नसे, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणाची त्यांना चटक लागली होती.

ती बोहारीण. जुन्या कपड्यांवर नवी भांडी. डोक्यावर पाटी, पाटीत ताटं, वाट्या, डबे, पातेली एकात एक बसवलेली, काखेत कपड्यांचं गाठोडं. लातुरात रेल्वे रुळापलीकडच्या बौद्ध वस्तीत तिचं पत्र्याचं घर होतं. नवरा मारोती आडतीत हमाली करायचा. तो पोती उचलायचा, ही पाटी उचलायची, आणि घरात जास्त ओझं कोण उचलतं यावर त्यांचा वाद कधी मिटला नाही. पहाटेच्या एसटीनं ती निघायची, एखाद्या फाट्यावर उतरायची आणि पायी गावं करत दिवेलागणीला परत यायची.

हा धंदा तिला तिच्या मावशीनं, नीलाबाईनं शिकवला. मावशी शिकवणार म्हणजे शिव्या देत शिकवणार. साडी उजेडात धरून बघायची. किनार चांगली म्हणून भुलायचं नाही, बसून बसून कापड कुठं विरलंय ते बघायचं. पँटीचे गुडघे बघायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गिऱ्हाइकाच्या पहिल्या मागणीला कधीही हो म्हणायचं नाही.

"का म्हणायचं न्हाई?" कोवळ्या वयातल्या साखरानं विचारलं होतं.

"अगं येडे, तू लगेच हो म्हनलीस की त्या बाईला वाटतंय आपण फसलो. रातभर झोप न्हाई तिला. आन् दुसरं ऐक. ज्याच्याजवळ माल हाय त्याला माल सोडवत न्हाई. ज्याला सोडवत न्हाई ते माणूस आधी न्हाईच म्हणतंय. तू न्हाई म्हण, ती न्हाई म्हणंल. न्हाई न्हाई करत दोघी मधी येत्याल, तिथं सौदा."

हे साखराबाईच्या इतकं अंगात मुरलं की मारोतीनं चहा मागितला तरी तिच्या तोंडून आधी नाही निघे आणि मग चहा होई.

नाही म्हणण्यात तिच्या तोडीस तोड असं एकच माणूस त्या साऱ्या टापूत होतं. बोरवाडीची उमाबाई. शेषेरावाची बायको. चांगलं खटल्याचं घर, दारात मोठा लिंब, माहेरही तालेवार. पण एका डब्यावर वाटी आणि वाटीवर चमचा मिळवण्यासाठी ही बाई उन्हं कलेपर्यंत बसायची. "घे, न घे" म्हणून साखराबाईनं पाटी उचलून चालायला लागावं, उमाबाईनं पाठ फिरवून घरात जावं, मग पुन्हा दारातून हाक मारावी, "ए साखरा, थांब की. लई मिजास हाय बाई तुला." एकदा या नादात साखराबाईची शेवटची गाडी चुकली होती आणि फाट्यापर्यंत तिला बैलगाडीनं पोहोचवायला शेषेरावालाच गडी धाडावा लागला होता. दोघी एकमेकींना लबाड म्हणायच्या. दोघींचा एकमेकींवर जीव होता, पण तो कबूल करायची दोघींची तयारी नव्हती.

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. त्याआधी कोणत्याही कामाला उस्मानाबाद गाठावं लागे, आता कलेक्टर हाकेच्या अंतरावर आला, याचा लोकांना फार अभिमान. कोऱ्या इमारती, कोऱ्या पाट्या, धुरळा उडवत फिरणाऱ्या जीपगाड्या. आणि या सगळ्यातून एक नवाच मंत्र निघाला होता. "जिल्ह्याहून आलोय." एवढं म्हटलं की लोक बाज टाकायचे, वर घोंगडी टाकायचे, चहा करायचे. पूर्वी देवाच्या नावानं फसवणारे फिरायचे, त्यांना निदान चार भजनं तरी पाठ करावी लागत. जिल्ह्याच्या नावानं फसवायला सफारी शिवला की भागत होतं.

त्यातच पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं. विहिरींचे तळ दिसायला लागले. बोरवाडीला टँकर सुरू झाला, पण त्याला ना वार ना वेळ. तो येई तेव्हा येई. हॉर्न वाजला की घरातलं होतं नव्हतं ते भांडं घेऊन बायका पळत सुटायच्या. ज्याच्या घरात भांडी जास्त, त्याच्या घरात पाणी जास्त. माहेरहून आलेले पितळी हंडे, घागरी, तपेली, जी एरवी माळ्यावर मिरवायची, ती सगळी खाली उतरली होती.

अशा दिवसांत एके सकाळी साखराबाई बोरवाडीत शिरली तर एकही दार उघडं दिसेना. तिनं दोनदा आरोळी दिली. "भांडीऽऽ, जुन्या कपड्यावर भांडीऽऽ." एका कुत्र्याखेरीज कुणी दखल घेतली नाही. मग मारुतीच्या पाराकडून गलका ऐकू आला.

पारासमोर हिरवी जीप उभी होती. तिच्यावर लाल कापड, कापडावर पांढऱ्या अक्षरांत 'जिल्हा दुष्काळ टाकी योजना'. साखराबाई रात्रशाळेत चार महिने गेली होती, तेवढं तिला वाचता आलं. जीपच्या टपावर एक उंच, चांदीसारखी चकचकीत टाकी दोरीनं बांधून उभी केली होती. आणि मागं एक टेंपो. टेंपोत अर्ध्याच्या वर पितळ. हंडे, घागरी, पराती. उन्हात नुसतं झळाळत होतं.

पाराच्या कठड्यावर सफारीतला एक गृहस्थ उभा राहून बोलत होता. "माताभगिनींनो, आपला जिल्हा नवा आहे, तर आपली भांडीसुद्धा नवी हवीत. जुनं पितळ शासनाला द्या. ते कारखान्यात जाईल, आणि परवा ट्रक भरून अशा टाक्या आपल्या दारात येतील. एक हंडा, एक टाकी. आठ दिवसांचं पाणी एका जागी."

बायका रांगेनं येत होत्या आणि हंडे टेंपोत चढत होते. ना कुणी 'का' विचारत होतं, ना 'कसं'. साखराबाई बघतच राहिली. एका साडीवर दोन वाट्या मागून तिचं डोकं उठवणाऱ्या या बाया! हिनं खोट काढलेली परकराची नाडीसुद्धा परत मागून घेणाऱ्या! आणि इथं आईबापांनी दिलेले हंडे मुकाट काढून देत होत्या.

खरं ते सांगितलं पाहिजे. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते लोकांचं नुकसान नव्हे. आपल्या धंद्यावर हा कोण टपकला, हेच आलं. फुकटात टाक्या वाटल्या तर तिची पातेली कोण घेणार? ही जळजळ शमायच्या आत तिची नजर पुन्हा टेंपोकडे गेली आणि मग मात्र डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. या माणसानं घेतलं होतं, दिलं काहीच नव्हतं. तिच्या धंद्यात या हातानं साडी आणि त्या हातानं वाटी, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तेवढ्यात कमरेवर भला मोठा हंडा घेऊन उमाबाई आली.

"वैनी, काय करलालाव हे?" साखराबाईनं तिला अडवलं.

"बाजूला हो साखरा. आज काय घ्यायचं न्हाई मला."

"हंडा कुणाला देलालाव?"

"सरकारला. महानंदा बाळंत झालीय की माझी, आठवडा झाला. बाळंतिणीला पाणी किती लागतंय तुला काय सांगू? कोरड्या अंगानं पडलीय लेकरू घेऊन. तीन हंडे हायेत, तिन्ही देणार. तीन टाक्या आल्या तर टँकर न्हाई आला तरी पोरीला न्हायला पाणी राहतंय."

"आन् टाकी यायच्या आत टँकर आला तर? पाणी कशात धरताव, पदरात?"

उमाबाईनं कमरेवरचा हंडा सावरला. "परवाच येणार म्हणलालेत. जिल्ह्याहून आलेत ते."

मागून शेषेरावाचा आवाज आला. पाराच्या सावलीत तो चार माणसांत बसला होता. "ए बोहारणी, तुझा धंदा बुडलालाय म्हणून बोंबललालीस व्हय? लोकाचं भलं बघवंना का?"

माणसं हसली. सफारीवालाही हसला, अगदी समजूतदारपणे.

"हाव शेषेरावदादा," साखराबाई ठणकावून म्हणाली. "पोटात दुखलालंय माझ्या. दुखणारच. पण माझ्या पोटदुखीनं तुमच्या घरात पाणी येत न्हाई आन् जात बी न्हाई."

आता काय करावं, हा प्रश्न होता. 'हा चोर आहे' असं ओरडली असती तर गावानं तिलाच हाकललं असतं. चोराला चोर म्हटलं की लोक पुरावा मागतात, आणि पुरावा तिच्यापाशी नव्हता. तिच्यापाशी होती फक्त घासाघीस. आणि उमाबाई होती. साखराबाईनं पाटी खाली ठेवली आणि साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वैनी, मागल्या खेपेला माझ्याकडनं डबा घेतलाव. डब्यावर काय काय काढून घेतलाव सांगा बरं समद्यांना."

"ते आता कशाला?" उमाबाई चिडली.

"झाकणाचा पाहिजे म्हनलाव. झाकणाचा दिला. मग वाटी. मग वाटीत चमचा. मग चमचा वाकडा हाय म्हणून बदलून. माझा जीव खाल्लाव, वैनी, आन् वर मलाच लबाड म्हनलाव. आन् ह्या साहेबापुढं तुमची जीभ कुठं गेली? माहेरचा हंडा मुकाट देलालाव. मेव्हणा लागतोय का तुमचा?"

बायकांत हशा पिकला. उमाबाईचं नाक लाल झालं. तिला लबाड म्हटलेलं चालायचं, चिक्कू म्हटलेलं चालायचं, पण उमाबाईला सौदा करता येत नाही, हे साऱ्या गावासमोर? तिनं हंडा खाली ठेवला. ठेवला, पण त्याच्या काठावरचा हात काढला नाही.

"साहेब," ती म्हणाली, "टाकीला झाकण येतंय का?"

"येतं की आईसाहेब."

"कडी-कोयंड्याचं? पोरं पाणी घाण करत्यात."

"कडी-कोयंड्याचं देऊ."

"खाली तोटी?"

"तोटी आहेच."

"पितळी पाहिजे. लोखंडी गंजतीय."

"पितळी बसवू."

शेजारची एक म्हातारी पुढे सरकली. "साहेब, भुईवर ठिवली तर टाकी सडंल. खाली घडवंची देताव का?"

"सर्वांना घडवंची मिळेल."

बायकांना आता रंग चढला होता. कुणी दुसरा रंग मागितला, कुणी वरून बादली मागितली. साहेब हो म्हणत गेला. साखराबाई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बायकांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. आधी त्या हसत होत्या. मग एकेकीचं हसू थांबायला लागलं. उन्हातान्हात जन्म काढून सौदे केलेल्या बाया त्या, समोरचा कुठं अडतो हे शोधत त्यांची जीभ पुढं जायची, आणि इथं जीभ कुठं अडतच नव्हती. पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसं त्यांना व्हायला लागलं.

उमाबाईनं शेवटचं विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज एकदम हळू झाला होता. "साहेब, पहिल्यांदा टाकी भरून देताव का? पाण्यानं?"

"देऊ की. भरूनच देऊ!"

साऱ्या तालुक्यात तांब्याभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आणि हा माणूस गावभर टाक्या भरून द्यायला निघाला होता.

"साहेब," उमाबाई म्हणाली, "एक डाव तरी न्हाई म्हणा की."

सफारीवाला मोकळेपणानं हसला. "आईसाहेब, शासन जनतेला नाही कधी म्हणतं का?"

संपलं. तिथल्या एकूण एक माणसाला शासन ठाऊक होतं ते याच शब्दानं. साहेब नाहीत. शिक्का नाही. आज नाही, सोमवारी या. तुमचं नाव यादीत नाही. सरकारी माणसानं नाही म्हटलं की लोकांना कसं ओळखीचं वाटायचं. शेषेरावच पहिल्यांदा खेकसला, "हा सरकारचा माणूस न्हाई!" घटकेपूर्वी कोण काय बोललं होतं हे तो सोयीस्करपणे विसरला. पुरुषांना ती कला जन्मजात असते.

"मग मला द्यायचाच न्हाई," म्हणत उमाबाईनं हंडा उचलून कमरेवर घेतला आणि बाकीच्या बाया टेंपोकडे धावल्या.

सफारीवाल्यानं टेंपोच्या ड्रायव्हरला हातानं खूण केली आणि स्वतः जीपमध्ये उडी मारली. टेंपो सुरू झाला. बायका मागून ओरडत होत्या, माणसं अजून जोडे शोधत होती. साखराबाई टेंपोच्या पुढच्या बाजूला होती. अंगावर टेंपो घ्यायची तिची अजिबात इच्छा नव्हती, तिला घरी जाऊन मारोतीशी भांडायचं होतं. तिनं पाटी उचलली आणि सरळ पुढच्या चाकाखाली ढकलली.

असा कडकडाट झाला की पारावरचे कावळे उडाले. काय चिरडलं ते ड्रायव्हरला कळेना. माणूस की लेकरू, या धसक्यानं त्यानं करकचून ब्रेक मारला आणि "अय्यय्यो, अय्यय्यो" करत खाली उडी टाकली. शिवमूर्ती त्याचं नाव, उदगीरचा. भाड्यानं आलेला, बिचाऱ्याला टाकीचं काही ठाऊक नव्हतं आणि त्याचं भाडंही दिलेलं नव्हतं. चाकाखाली ताटं-वाट्या बघून तो मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला. तोवर माणसांना जोडे सापडले होते आणि टेंपोला वेढा पडला होता.

जीप मात्र निसटली. वळणावर टपावरची टाकी दोरी तुटून खाली पडली आणि गडगडत नाल्यात गेली. पोरांनी ती वर काढली तर तिला तळच नव्हता. पत्र्याची नळी, वर चांदीचा रंग. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी मग एकच, मला आधीच शंका आली होती. साखराबाईनं ते ऐकून घेतलं. दुपारपर्यंत तिनं बरंच काही ऐकून घेतलं.

बायकांनी टेंपोतलं आपापलं पितळ उतरवून घेतलं, पोलीस आले, शिवमूर्तीचा जबाब झाला. त्यातून कळलं की आधीच्या दोन गावांची भांडी या माणसानं घशात घातली होती. ती परत मिळाली नाहीत. साखराबाई पुढं त्या गावांत गेली तेव्हा बायका फुटक्या रांजणात आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात टँकरचं पाणी धरत होत्या. ते बघून तिला इतका संताप आला की त्या दिवशी तिनं धंदाच केला नाही. पारावर बसून बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, कुणी काही फुकट देतो म्हणाला, दागिने उजळून देतो म्हणाला, नोकरी लावतो म्हणाला, तर त्याच्याकडं मागत जा. अजून मागा, अजून मागा. कुठं न्हाई म्हणतोय ते बघा. म्हटला तर बसून बोला. न्हाईच म्हणत नसंल तर दार लावून घ्या. हे सांगणं तिनं पुढं कायम ठेवलं. भांड्याच्या आरोळीमागोमाग ते गावागावांतून ऐकू यायचं. दागिने उजळणारा एकजण एका गावातून पोतडी टाकून पळाला तो बायकांनी त्याच्याकडे नाकातल्या नथीबरोबर नवं नाकही मागितलं म्हणून. लोक हसून सांगतात. तिकडच्या बायका त्यानंतर सहजी फसल्या नाहीत, हेही तितकंच खरं.

पण त्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलं आहे.

दुपार उतरताना टँकर आला. नेहमीसारखाच, न सांगता. हॉर्न वाजला आणि साऱ्या बोरवाडीचं पितळ रस्त्यावर आलं. कुणाचा हंडा कुणाच्या घरात गेला असेल तर असो, आधी भरून घ्या, मग ओळखत बसू, अशी धांदल. उमाबाईचे तिन्ही हंडे काठोकाठ भरले. महानंदासाठी चुलीवर पाणी चढलं. तिचं लेकरू रडत होतं, आणि ते रडणंसुद्धा त्या दिवशी घरादाराला गोड वाटत होतं.

साखराबाई उमाबाईच्या लिंबाखाली बसून चेपलेली ताटं दगडानं ठोकून सरळ करत होती. निम्मा माल गेला होता. गावानं भरून देऊ म्हटलं होतं आणि तिनं त्यावर रीतसर घासाघीस केली होती, ते ठरलं. पण सकाळपासून ओरडून ओरडून तिच्या घशाला कोरड पडली होती.

उमाबाई तांब्या घेऊन अंगणात आली. "घे, पाणी पी."

आजवर अशा वेळी साखराबाई ओंजळ पुढं करायची आणि उमाबाई वरून धार सोडायची. या घराच्या फडताळात साखराबाईनं आणलेली भांडी रांगेनं लागली होती, घरची माणसं त्यांत जेवत होती. पाणी मात्र ओंजळीत. का, ते दोघींना माहीत होतं आणि दोघींनी ते कधी तोंडानं काढलं नव्हतं. साखराबाईला दर खेपेला राग यायचा. पाण्याबरोबर तो गिळून ती पुढच्या गावाला जायची.

आज तिनं ओंजळ केली नाही.

"वैनी, तांब्या हातात द्या."

उमाबाईनं वळून दाराकडे पाहिलं. ओसरीवर सासू बसली होती, केवळाबाई. म्हातारीला दिसत कमी होतं, पण जे दिसायला नको ते बरोबर दिसायचं.

"न्हाई गं साखरा," उमाबाई हळूच म्हणाली. "सासूबाई बघलालेत. घरात बाळंतीण हाय, कायबाय बोलत्याल."

"मग राहू द्या. तहान न्हाई मला."

साखराबाईनं ताटं पाटीत भरली, पाटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. सौद्यात चालतात तसं, हळू, मागून हाक येईल असं. अंगण संपलं. हाक आली नाही. फाटकापाशी पोहोचली तरी नाही. आयुष्यभर ती अशी कितीतरी दारांतून निघाली होती, पण हा सौदा निराळा होता. वाटीवरचा चमचा नव्हता हा. हाक आली नसती तर या दारात ती पुन्हा कधी आली नसती.

"ए साखरा! थांब."

ती थांबली. वळली नाही.

"तांब्या देते," उमाबाई म्हणाली. "पण इथं अंगणात, उभ्यानं पी."

"ओसरीवर बसून पिणार."

"ओसरीवर न्हाई. बिलकुल न्हाई."

"मग पायरीवर."

उमाबाईच्या कपाळावर घाम आला होता. डब्यासाठी हुज्जत घालताना तिला असा घाम कधी आला नव्हता.

"पायरीवर बस," ती शेवटी म्हणाली.

साखराबाई पाटी उतरवून पायरीवर बसली. दोन्ही हातांनी तांब्या धरला, तोंडाला लावला आणि सावकाश, थेंबही न सांडता, सगळं पाणी प्यायली. मग तांब्या उमाबाईच्या हातात दिला.

"उमे," ओसरीवरून म्हातारी म्हणाली, "तांब्या चुलीच्या इस्तवावर धर आधी. मग घरात घे."

"न्हाई," उमाबाई म्हणाली. आणि तिनं तोच तांब्या भरल्या हंड्यात बुडवला, काठोकाठ भरला आणि आत महानंदाला नेऊन दिला.